खोल बशी

मी कपबशा आखते. हे सांगितलं की गावाकडची माणसं विचारतात, म्हणजे रंगवतेस का? मी म्हणते, रंगवत नाही, माझ्या कपबशीवर काहीच नसतं. मग समोरचा कांद्याचं विचारतो. मला त्याचं आता वाईट वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं.

आमचं घर मांडवगण फराट्याचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरायचे. मी जन्मले त्या सुमारास त्यांनी मेंढरं विकली, नदीच्या पाण्यावर ऊस-कांदा करायला लागले आणि एका जागी राहायची सवय करून घेतली. ती त्यांना पुरती कधी लागली नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी त्यांना समजावलं म्हणून मी मुंबईला कलाशाळेत गेले आणि तिथं चिनीमातीच्या विभागात पाच वर्षं काढली. आम्हाला शिकवणाऱ्या बाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायच्या, ‘‘हे काढलं तर काय बिघडेल?’’ मी कपाच्या कानावर पान काढलेलं असायचं. काही बिघडणार नाही, असं मला कबूल करावं लागायचं. मग पान जायचं. असं करत करत माझ्या कपावरून पानं गेली, फुलं गेली, सोनेरी रेघ गेली, आणि जे उरलं ते मला फार आवडायला लागलं.

शिकून बाहेर पडले तेव्हा नव्वदच्या दशकाची मधली वर्षं चालू होती. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सगळे कारखाने रसायनांचे आणि औषधांचे. त्यांच्या कडेला एकच कारखाना पोर्सेलिनचा होता. घरगुती कपबशा, हॉटेलच्या प्लेटा असा माल तिथं व्हायचा. तोवर तिथं डिझायनर हे पदच नव्हतं. फुलांच्या छापांचं एक जाड पुस्तक होतं, त्यातलं पान निवडायचं आणि कपावर चिकटवायचं. शेठ पुण्याचे, वडिलांकडून कारखाना त्यांच्याकडे आलेला. त्यांना वाटलं, आता नवं काही करावं. मला कामावर घेताना ते म्हणाले, ‘‘वर्षभर तुम्हाला हवं ते करा मॅडम. फक्त माल दुकानात पडून राहायला नको.’’

मी दौंडला रेल्वेतल्या एका कुटुंबाकडे खोली घेतली आणि कंपनीच्या बसनं रोज कुरकुंभला जायला लागले.

कारखान्यात मला खरं शिकवलं ते साच्याच्या मिस्त्रींनी. ते उत्तरेकडून आलेले, वीस वर्षं इथं होते, तरी बोलणं अर्धं हिंदीच. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी मिस्त्रीचाचा म्हणायची. मी कागदावर जे काढीन त्याचा प्लास्टरचा साचा ते करायचे. फार बोलायचे नाहीत. चित्र बघून ‘होगा’ म्हणायचे किंवा ‘नहीं होगा’ म्हणायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं व्हायचं.

माझा पहिला सेट सहा महिन्यांत तयार झाला. पांढरा स्वच्छ, सरळ उभ्या भिंतींचा कप, तीन बोटं आरामात जातील असा कान, आणि खाली ताटासारखी सपाट बशी. मला तो इतका आवडला होता की मी त्याचा एक कप खोलीवर नेऊन खिडकीत ठेवला होता. शेठजींनी नमुने शिरूरच्या बाजारपेठेत पाठवले आणि मलाही सोबत जायला सांगितलं. तिथल्या मोठ्या भांड्यांच्या दुकानदारानं कप घेतला, सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं,

‘‘ताई, ह्याच्यावरची फुलं लावायची राहिली का?’’

‘‘नाही, हा असाच आहे.’’

‘‘म्हंजी सेकंडचा माल.’’

मी त्याला समजावत बसले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या खोक्यातले गुलाबाचे सहा कप गिऱ्हाइकाला बांधून दिले.

दिवाळीला मी एक सेट घरी नेला. आईनं कौतुकानं त्यातच चहा दिला. आप्पांनी नेहमीप्रमाणे कप उचलला आणि बशीत ओतला. सपाट बशीवरून चहा सरळ त्यांच्या धोतरावर गेला. आई आत गेली, स्टीलची बशी घेऊन आली. आप्पांनी उरलेला चहा त्या बशीतून पिऊन संपवला आणि मग माझा कप हातात घेऊन म्हणाले,

‘‘कप झ्याक हाय. हातात बसतोय. पर ही बशी न्हाई बाळ, ही ताटली हाय.’’

‘‘आप्पा, ती कपाखाली ठेवायला असते.’’

‘‘कपाखाली कशाला ठिवायची? कप काय उडून जातोय व्हय? बशी च्या प्यायला असती.’’

मी हसले, पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. पाच वर्षं मी वापर बघायला शिकले होते. जे कामाचं नाही ते काढून टाकायला शिकले होते. आणि माझ्या स्वतःच्या घरात चहा कशातून पितात हे मी एकदाही बघितलं नव्हतं. पुस्तकांत बशी म्हणजे कपाचं आसन होतं, मध्ये कप बसायला गोल खाच असलेलं. आमच्याकडे बशी हेच भांडं होतं. कप फक्त चहा तिथपर्यंत आणत होता.

तेव्हापासून मी माणसांचे हात बघायला लागले. कासुर्डीला हायवेच्या कडेला माझ्या मामाचं चहाचं हॉटेल होतं. कामासाठी पुण्याला गेले की येताना मी तिथं उतरायची आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावर वही घेऊन बसायची. ट्रकवाले बशी खालून पाचही बोटांच्या टोकांवर घेत आणि अंगठा कडेवर टेकवत. बूड तापलं की बोटं बदलत. म्हातारी माणसं बशी दोन्ही हातांत धरत. पुण्याला फुलं विकून परत निघालेल्या बाया दोघींत एक चहा घेत. एकीला कप, दुसरीला बशी. म्हणजे अर्धा कप चहा बशीत न सांडता मावला पाहिजे, आणि वर हलवायला बोटभर जागा उरली पाहिजे. मधल्या खाचेत शेवटचा घोट अडकून बसायचा. तो प्यायला लोक मान मागं टाकत आणि चहा हनुवटीवर सांडत.

मामा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत असायचा. एकदा म्हणाला, ‘‘मुंबईला जाऊन शिकलीस, आन् हितं बसून लोकांच्या बशा बघतीस?’’

‘‘व्हय मामा.’’

‘‘मग बघ. पर च्या घे आधी.’’

दोन-तीन महिन्यांनी मी मिस्त्रीचाचांपुढं नवं चित्र ठेवलं. खोल बशी. मध्ये खाच नाही, आतून एकसारखा गोल उतार. ओठांना लागेल तिथं कड किंचित बाहेर वळलेली. बशी ज्यावर उभी राहते ते खालचं कडं उंच, म्हणजे बोटं खाली जातील आणि भाजणार नाहीत. कपाचं बूड तिच्या उतारात नेमकं बसेल असं केलेलं. वर काही नाही. पांढरी.

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘‘बेटी, ये बैठ जाएगी.’’

म्हणजे भट्टीत बसेल, खचेल. पोर्सेलिन पुरतं भाजतं त्या आचेला ते गुळासारखं मऊ पडतं. सपाट बशी तग धरते. खोल बशीचं पोट मोठं, पाय लहान. मऊ पडली की कड खाली लोंबते आणि बूड वर फुगतं. आमच्याकडे पहिलीच भट्टी मोठ्या आचेची असायची, झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नंतर कमी आचेवर. म्हणजे जे काही बिघडायचं ते पहिल्याच भट्टीत बिघडणार.

तरी त्यांनी साचा केला. भट्टीच्या कोपऱ्यात चार-सहा बशांना जागा मिळेल तशी आम्ही ती भाजत राहिलो. कधी तिरकी निघाली, कधी बुडाला तडा. शेवटी त्यांनी भिंत जाड केली, पाय रुंद केला, आणि बशी उभी राहिली. चाचा खूश झाले. मी नव्हते. ती बशी धट्टीकट्टी होती, पण हातात घेतली की पाटा उचलल्यासारखं वाटायचं. कपाशेजारी ठेवली की दोघं एका घरातले वाटत नव्हते.

एवढ्यात शेठजींचा धीर सुटत आला होता. वर्ष कधीच उलटलं होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या हंगामापासून छापांचंच काम वाढवायचं आहे. ते रागावून बोलले नाहीत. त्याच आठवड्यात शेजारच्या औषध कंपनीच्या कॅन्टीनचे मॅनेजर प्लेटा बघायला आले. माझ्या टेबलावर चाचणीची जाड बशी होती. त्यांनी विचारलं हे काय, आणि मी काही सांगायच्या आत समोरच्या कपातला चहा तिच्यात ओतून प्यायले.

‘‘आमच्या लोकांना शिफ्टमध्ये चहाला दहा मिनिटं,’’ ते म्हणाले. ‘‘त्यातली पाच फुंकण्यात जातात. ग्लास धरवत नाही. हे बरंय. आम्हाला कॅन्टीनभर पाहिजे.’’

शेठजींनी मिस्त्रीचाचांना बोलावलं. ‘‘भट्टीभर माल द्यायचाय, एकाच वेळी. होईल का?’’

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘होगा. मेरी ज़बान.’’

त्यांचा शब्द म्हणजे काय ते कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांत त्यांनी तो फार थोड्या वेळा दिला होता.

आणि मग मी चूक केली. चाचा पुतणीच्या लग्नाला आठवडाभर गावी गेले. बशी यंत्रावर फिरवून करतात. खाली प्लास्टरचा साचा असतो, वरून लोखंडी पत्र्याचा फर्मा उतरतो, आणि त्या दोघांमधली फट म्हणजे बशीची जाडी. मी वर्कशॉपमधून नवा फर्मा कापून घेतला, आधीपेक्षा दीड मिलीमीटर पातळ बशी देणारा. पहिली बशी फिरवून बघितली. ती इतकी सुरेख आली की मला दुसरं काही सुचेना. जुना फर्मा काढून माझ्या खणात ठेवला, नवा यंत्रावर चढवला. यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, आता हाच. चाचणी घ्यायला हवी हे कळत होतं. पण विजेच्या छोट्या चाचणी-भट्टीची तार जळालेली होती, ती दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता. ज्या दिवशी चाचा परत यायचे त्याच दिवशी मला कॅटलॉगच्या कामाला मुंबईला जायचं होतं. त्यांच्यासाठी मी चिठ्ठी लिहायला बसले होते. लिहिली नाही. आल्यावर सांगू म्हटलं. खरं असं की ते नाही म्हणतील ही मला भीती होती.

मुंबईचं काम लांबत गेलं. परत आले तोवर दोन आठवडे उलटले होते. माल सुकला होता, मातीच्या झाकणाच्या पेट्यांत भरून झाला होता, पेट्या भट्टीत रचून दार विटांनी बुजवलं होतं. नारळ फुटला आणि भट्टी पेटली. चाचा नेहमीसारखे होते. काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही. आणि मला त्याचा आनंद झाला.

त्याच दिवशी चाचणी-भट्टीला नवी तार बसली. नव्या फर्म्याची पहिली कच्ची बशी माझ्या टेबलावर अजून होती. सहज म्हणून मी ती आत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली.

बशी खचली होती. कडा खाली लोळल्या होत्या, बूड मधून वर फुगलं होतं. दव लागलेला पापड दिसतो तशी.

मोठी भट्टी तेव्हा ऐन आचेवर होती. दीड दिवस जळायची आणि निवायला दोन दिवस. आत त्याच बशांची रास होती. मध्येच उघडता येत नाही, थांबवता येत नाही. मी भट्टीच्या बाजूनं दोन फेऱ्या मारल्या. आगवाला म्हणाला, मॅडम, लांब उभ्या राहा. मी खचलेली बशी ओढणीत गुंडाळली, डोकं दुखतंय म्हणून सुट्टी टाकली आणि एस.टी.नं गावी गेले.

आप्पा कांद्याला पाणी देत होते. मला मधल्याच वारी आलेलं त्यांनी बघितलं. वाफ्यांची दारं मोडून झालं, पाय धुतले आणि बांधावर येऊन बसले. मी ओढणी सोडून बशी दाखवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली.

‘‘समद्या अशाच व्हनार?’’

‘‘व्हय.’’

‘‘मिस्त्रीला म्हाईत हाय?’’

‘‘न्हाई.’’

त्यांनी बशी बांधावर ठेवली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मेंढरामागं असताना एकदा त्यांच्या डोळ्याला डोळा लागला आणि मेंढरांचं खांड कोवळ्या ज्वारीत शिरलं. कोवळी ज्वारी मेंढरांना विष असते. आप्पांनी मेंढरं बाहेर काढली, पण थोरल्या भावाला बोलले नाहीत. फुगायला लागली तेव्हाही बोलले नाहीत.

‘‘त्याला दवा ठावं हुतं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘तवाच सांगितलं असतं तर निम्मी तरी जगली असती. मी भ्यालो. थोरला मारल म्हून न्हाई. त्याच्या नजरंतनं उतरीन म्हून.’’

मी बशी पुन्हा ओढणीत गुंडाळायला लागले.

‘‘तुझ्या मिस्त्रीनं शब्द दिलाय म्हणतीस. मग त्याला आदी कळाया पायजे. भट्टी उघडल्यावर समद्यांसंगं न्हाई.’’

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघाले. दौंडला खोलीवरही गेले नाही, सरळ कुरकुंभला. चाचा साच्याच्या खोलीत प्लास्टर खरवडत बसले होते. मी खचलेली बशी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ‘‘चाचा, मी फर्मा बदलला. तुम्हाला विचारलं नाही. आतला सगळा माल असा निघणार आहे.’’

त्यांनी बशीकडं बघितलं. खरवडणं चालूच ठेवलं. हातातला साचा पुरा झाल्यावर तो बाजूला ठेवला, उठले, आणि कोपऱ्यातल्या फळीवरून एक वस्तू आणून माझ्या हातात दिली. कच्च्या मातीचं ओबडधोबड कडं होतं, आतून खोल बशीच्या बाहेरच्या उताराचा आकार घेतलेलं.

‘‘हर एक के नीचे ये है,’’ ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. ते कडं त्याच मातीचं होतं. बशी भट्टीत आकसते तसं तेही आकसतं, बशी मऊ पडली तरी तिच्या पोटाला खालून टेकू राहतो. मध्ये भुकटी टाकली की चिकटत नाही. एका भट्टीला एकदाच वापरायचं आणि फोडून टाकायचं. मी मुंबईत असताना चाचांनी आणि साच्याच्या दोन माणसांनी बसून बशीगणिक एक, अशी कडी थापली होती.

‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘गाँव से आया, पहली बशी हात में ली, तभी. वज़न अलग था.’’

‘‘मग जुना फर्मा का नाही लावला?’’

‘‘क्योंकि पतली ही सही थी.’’ त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ‘‘मोटी मेरी ज़िद थी. लेकिन बेटी, पूछना था.’’

‘‘हो.’’

‘‘मैं रोज़ राह देख रहा था, आज मुंबई से फोन करेगी, आज आके बोलेगी.’’

मी प्लास्टरच्या पोत्यावर बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. खूप दिवसांनी पोटभर श्वास आत गेल्यासारखं झालं. माल अजून भट्टीतच होता, तो कसा निघेल ते दोघांनाही माहीत नव्हतं. चाचांनी तेही सांगितलं, ‘‘खुलेगी तब मालूम.’’ पण आता जे होईल ते दोघांना मिळून बघायचं होतं. तेवढ्यानंच निम्मं ओझं उतरलं. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी आदल्या दुपारपासून नीट खाल्लेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. विटा एकेक करून निघाल्या, आतला ऊबदार वारा तोंडावर आला. शेठजीही येऊन उभे राहिले. वरच्या रांगेतली पहिली पेटी खाली घेतली आणि चाचांनी झाकण उचललं. बशा आपापल्या कड्यांवर बसलेल्या होत्या, कडा सरळ. चाचांनी एक उचलली, बोटाच्या पेरानं वाजवली. बारीक, लांब आवाज आला. त्यांनी ती सपाट काचेवर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बघितली. हलली नाही. दुसरी हलली नाही. मग पेट्या निघत राहिल्या आणि मी मोजायचं सोडून दिलं. खालच्या रांगेत, आगीच्या तोंडाजवळच्या दोन पेट्यांतला माल वाकडा झाला होता.

‘‘किती गेला?’’ शेठजींनी विचारलं.

‘‘दो पेटी.’’

‘‘आणि बाकी?’’

‘‘बाकी आप देखो.’’

शेठजींनी एक बशी उजेडाकडं धरली. तिच्यातून त्यांच्या बोटांची सावली दिसत होती. ते म्हणाले, ‘‘ही आधीच्यापेक्षा हलकी आहे.’’ चाचा म्हणाले, ‘‘हम दोनों ने मिलके किया.’’ मी मागच्या नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. उन्हात वाळत घातलेले साचे, पाण्याच्या टाकीवर बसलेली कबुतरं, सगळं मला त्या दिवशी फार बरं दिसत होतं.

शेठजींना मी खरं काय झालं ते झिलईची भट्टी निघाल्यावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘माल उतरला ना चांगला? मग झालं. पण आता एक वही करा. फर्मा बदलायचा तर दोघांची सही.’’ ती वही पुढं कारखान्यात शेवटपर्यंत राहिली.

कॅन्टीनमध्ये बशा लागल्या त्या दिवशी मी दुपारच्या शिफ्टच्या चहाला जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. माणसं आली, ओतलं, प्यायली, गेली. कुणी बशीकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मी एकाला विचारलं, नवीन बशी कशी आहे? त्यानं बशी खालून बघितली, जणू आत्ताच दिसली. ‘‘बरी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘सांडत न्हाई.’’ घरी आप्पांना दिली, त्यांनी तिच्यात चहा ओतला. पिऊन झाल्यावर बशी पुढं केली आणि आईला म्हणाले, आजून वत.

सगळं जग पांढरं झालं असं मुळीच नाही. आमच्या कारखान्यात गुलाबाचे कप शेवटपर्यंत जास्त खपत राहिले. शेठजी कधी कधी मला छापांच्या पुस्तकातून निवडायला लावायचे. मी निवडायची, आणि त्यातल्या त्यात लहान फूल घ्यायची. पण खोल बशी आणि तिचा कप यादीत राहिले. नंतर किटली आली, साखरेचा डबा आला. भाजीची एक खोलगट थाळी आली, जिच्या कडेला भाकरी टेकवून ठेवता येते. ती आईच्या हाताखाली बसून आखली. मध्ये माझं लग्न झालं, दौंडलाच घर केलं. वर्षातून एकदा एखादं जुनं मोठं हॉटेल बशा मागवायचं आणि शेठजी मला मुद्दाम हाक मारून ते पत्र दाखवायचे.

दोन हजार सालानंतर मिस्त्रीचाचांचे गुडघे गेले आणि ते गावी परतले. जाताना त्यांनी त्यांची खरवडायची दोन पाती मला दिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मीही कारखाना सोडला. शेठजींच्या मुलानं स्वयंचलित यंत्रं आणायचं ठरवलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती, पण मला माझ्या हातानं करायचं होतं. नवऱ्यानं बँकेचे कागद केले, आप्पांनी मांडवगणच्या रानाच्या कडेला जागा दिली. तिथं मी पत्र्याची शेड घातली, गॅसची छोटी भट्टी बसवली आणि गावातल्या तिघी बायकांना शिकवून घेतलं. त्यातली एक आधी खुरपायला जायची. माती चाकावर मधोमध कशी आणायची हे तिला पहिल्याच दिवशी जमलं, मला त्याला दोन महिने लागले होते.

पहिली भट्टी आम्ही एका बुधवारी लावली. यावेळी विचारायला कुणी नव्हतं. आच किती वाढवायची, कधी धरून ठेवायची, सगळं मलाच ठरवायचं होतं. तीन वेळा वाटलं की गॅस कमी पडतोय. दीड दिवस निवू दिली आणि दुपारी चौघींनी मिळून दार उघडलं. चाळीसएक थाळ्या होत्या. तीन तडकलेल्या निघाल्या. बाकीच्या चांगल्या होत्या, एकदोन तर फारच चांगल्या. बायकांनी त्या पदरानं पुसून फळीवर मांडल्या आणि घरी गेल्या.

मी चौकातल्या फोनवर जाऊन चाचांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला. मग त्यांचा खोकला ऐकू आला.

‘‘कितने गए?’’ त्यांनी हालहवाल न विचारता आधी तेच विचारलं.

‘‘तीन.’’

ते पुन्हा खोकले.

‘‘ठीक है,’’ ते म्हणाले. ‘‘खाना खाया?’’

मी जेवले नव्हते. त्यांना तसं सांगितलं, फोन ठेवला आणि घरी जाऊन जेवले.